चार अंगुळं, एकोणचाळीस

गयास तडवीच्या भंगाराच्या दुकानात, चोपड्याला,
काट्यावर चढता चढता राहिली
पितळेची एक अष्टकोनी थाळी.
मधोमध बिजागरीवर तिकोनी पात, जरा वाकलेली.
"पानदानाचं झाकण का हो, साहेब?"
म्हटलं, नाही, हे उन्हाचं घड्याळ.
तो हसला. "मग चावी कुठंय?"

एकतीस वर्षं भूमिअभिलेखात काढली मी.
गावाच्या नावातला एक काना पुसला
तर शेत कसं दुसऱ्याचं होतं, पाहिलंय.
थाळी घरी आणली.
चिंच, राख, जुनं धोतर.
तिसऱ्या दिवशी कडेची नावं वर यायला लागली.

थाळनेर ४।४०
बऱ्हाणपूर ४।४१
लळिंग ४।३३
नसिराबाद ४।३६

पुढचे आकडे म्हणजे पलभा.
दिवसरात्र सारखे असतात त्या दिवशी, भर मध्यान्ही,
बारा अंगुळांच्या काठीची सावली
त्या त्या गावात किती पडते, ते.
मी नकाशावर पट्टी ठेवली आणि मुकाट बसलो.
अख्खा खानदेश दहा-बारा व्यंगुळांत आटपतो.
तापीच्या अल्याड-पल्याड
सगळ्यांची सावली जवळजवळ एकाच मापाची,
राजाच्या किल्ल्याची आणि
ज्या गावाला किल्लाच नव्हता त्याचीही.

सात नावं लागली. आठवं लागेना.
पहिलं अक्षर सा की रा, घासलेलं.
मग जो. मग ड,
आणि ड च्या डोक्यावर एक खड्डा, पितळ खाल्लेलं.
४।३९.
राजोड शोधलं. साजवाड शोधलं.
जुन्या गावयाद्या, पैमाशीचे कागद, टपालाचे शिक्के,
ओळखीच्या तीन तलाठ्यांना फोन.
एक म्हणाला, "साहेब, रिटायर झालात ना?"

चैत्रात पात सरळ करून घ्यायला
थाळी पिशवीत घालून पुन्हा गयासकडे गेलो.
तिथं सुपडाबाई बसलेली,
चिरलेलं घंगाळ मोडीत घालायला आणलेलं,
भाव पटत नव्हता.
गयास पात ठोकत होता, मी सवयीनं
नावं मोठ्यानं वाचत होतो, थाळनेर, लळिंग,
आणि शेवटचं तसंच अडखळत: साजोड, नाही तर राजोड.

"साजोडं," ती म्हणाली. घंगाळावरून मान न उचलता.
"साजोडं म्हन, भाऊ. मन्ही मायनं माहेर शे ते."

मी थाळी डोळ्यांशी नेली.
तो खड्डा नव्हता. अनुस्वार होता.
कोण जाणे कोणत्या कासारानं
कागदावरचं साजोडे बाजूला सारून
कानावर पडलं तसं टोचलेलं, एका ठोक्यात,
आणि मी वर्षभर त्याला गंज म्हणत होतो.

"कुठं आहे हे गाव?"
"आते कोठे? धरनमां गयं."
हातानं तिनं पाण्याची पातळी दाखवली,
आधी गुडघ्याशी, मग छातीशी,
मग हात डोक्याच्या वर नेला आणि तिथंच ठेवला.
"मारोतीना पार ते पहिल्याच साली गया."

गयासनं पात बसवली. म्हणाला, लावून तर बघा.
आम्ही थाळी ओट्यावर ठेवली,
पात उत्तरेकडे, खाली विटेचा तुकडा,
आणि तिघंही वाकलो.
दुकानाच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या घड्याळात
बाराला दोन मिनिटं कमी.
पितळेवर सावली अजून अलीकडेच होती,
मधल्या रेघेपासून बोटभर.

मी समजावायला गेलो:
ते घड्याळ सगळ्या देशाचं, बाई, हे इथलं;
आपला सूर्य अर्धा तास मागून येतो.
तिनं ऐकलं की नाही, ठाऊक नाही.
"म्हंजे साजोडाम्हा बारा वाजेल नई अजून?"
"नाही. अजून अर्धा तास आहे."

घंगाळ तिनं काट्यावरून खाली घेतलं,
पदर डोक्यावर ओढला,
आणि ओट्यावर थाळीशेजारी टेकली.
"थांबस मी," म्हणाली.
गयासनं तिला पाणी दिलं.
ती सावलीकडं बघत होती. मी, तिच्या तर्जनीकडे:
न टेकवता, पितळेच्या जरासं वर,
त्या अनुस्वारावर धरलेल्या.