टिंबापुढचे आकडे

उन्हाळ्यात अख्खं सोलापूर उजनीचा आकडा वाचतं.
अधिक दोन. शून्य. वजा अकरा. वजा वीस.
पेपर हातात आला की आधी तो कोपरा,
मग कोण गेलं ते.
मी आणखी एक आकडा वाचतो,
तो पेपरात येत नाही.

अठ्ठावीस शेक झाले. तेव्हापासून
दर तीन महिन्यांनी साखर पेठेत दंड पुढे करायचा.
दोन दिवस आधी सायकल बंद.
सीट दाबते म्हणे, आकडा फुगतो.
चाळीस वर्षं त्याच सीटवर बसून कारखान्यात गेलो,
तिचं असं काही असेल वाटलं नव्हतं.

पहिल्या वर्षी उतरत गेला.
चार. दोन. शून्य टिंब नऊ.
मग शून्य टिंब चार.
"हा तुमचा तळ," डॉक्टर हत्तुरे म्हणाले,
"आता इथून मोजायचं."
नागम्मा म्हणाली, तळाला गेल्याचे पेढे
पहिल्यांदाच वाटतोय आपण.

मार्चात शून्य टिंब आठ.
जूनमध्ये एक टिंब तीन.

मी जॉबर.
दारात उभं राहून, चोवीस मागांच्या खडखडाटात
कुठला धोटा अडखळतोय ते सांगायचो,
न बघता.
आता रात्री स्वतःलाच कान लावून पडतो
तर नुसता पंखा.

"उसळी असेल," डॉक्टर म्हणाले.
"शेकानंतर काहींचा चढतो, आपला आपण उतरतो."
आणि नाही उतरला तर?
"तळापासून दोनने वर गेला, तर बोलू.
एका धाग्यावरून कापड सांगता का तुम्ही?"
नाही सांगता येत.
निदान वीतभर विणून बघावं लागतं.
पण त्या वीतभरात मी आहे ना, साहेब.

जावई ऐकेना. सात रस्त्याच्या एसी लॅबमध्ये नेलं.
तिथे एक टिंब सहा.
आठ दिवसांत तीन घरं!
घरात कुणी टीव्ही लावला नाही.
हत्तुरे तापले, "गज बदलून कापड मोजता?"
त्यांचं इतक्या दिवसांतलं
तेवढं एक मला लगेच कळलं.

सप्टेंबरात उजनी भरली.
शेजारचा चिलवेरी ओरडत आला, शंभरच्या वर गेली!
मी पाकीट शर्टाच्या खिशात घडी करून घेऊन
उंबऱ्यात चपला काढत होतो.
नागम्मा विड्या मोजत होती,
पंचविसाचा कट्टा सोडून मान वर केली नाही तिने.
"एंता?"
एक टिंब एक.
तिने दोरा गुंडाळला, गाठ मारली.
"मागच्यापेक्षा कमी?"
कमी.
"साखर पेठेतलंच ना?"
तिथलंच.
"मग हात धुवा."

उतरला, की नुसता दम घेतोय,
ते डिसेंबरात.
जेवून मी सायकल बाहेर काढली.
मागच्या चाकात हवा नव्हती.
पंप कुठे ठेवलाय ते
दोघांनाही आठवेना.