दुबईतला चहा

बाई म्हणाली, आज लॉक केलासा तर हाच दर,
उद्याचं मी काय सांगू.
फॉर्मवर बेळगाव लिहू की बेळगावी?
पासपोर्टात आहे तसं.

एक कार्ड फुकट, खरं भरताना कापणार.
दुसऱ्याला पाचशे, मग एटीएमला तेवढे दोन युरो.
मी उद्यमबागेतला टर्नर,
केसभर सुटलं तर जॉब भंगारात.
इथं रोज चाळीस पैसे इकडे तिकडे,
कुणी मायक्रोमीटर लावत नाही.

पंचेचाळीस दिवस जर्मनीत, नव्या मशीनवर.
मध्ये दुबईत चार तास.
तिथं चहा घेतलासा तर युरोचं दिरहम होताना
साडेतीन टक्के जातील.

कोगनोळीचा नाका ओलांडला की
पाट्यांची अक्षरं बदलतात.
चहा दहालाच.

दुसरं घेतलं. पिन टाका म्हणाली, तोंड फिरवून बसली.
भरमाण्णा मिस्त्रीनं पहिल्यांदा हाती दिलेल्या
लेथचा नंबर अजून पाठ आहे.

घरी प्रभावती म्हणते, पैसे कुठायत?
दाखवलं. उलटंपालटं करून बघितलं,
कुंद्याच्या डब्याला टेकवून ठेवलं.
दुबईत चहा नको म्हणालेत, मी म्हटलं.

मग थर्मास देते की.