रतामाखाली

रात्री तीनला मिरज जंक्शनवर गाडी शिट्टी देते
तेव्हा पप्पांना कुशीवर वळवायची वेळ होते.
पाठीला पावडर, खाली रबरी शीट, वर धुतलेली चादर.
तीस वर्षं त्यांनी दवाखान्याच्या धोबीखान्यात
परक्यांच्या चादरींच्या घड्या घातल्या;
आता माझा कोपरा चुकला
की चालत्या हाताच्या बोटानं दाखवतात.

काल मी ओरडले त्यांच्यावर.
मग मोरीत नळ सोडून रडले.
प्रभूला म्हटलं, पुरे. ने आता मला.

सकाळी सालोमीकाकू आल्या, पदराखाली डबा.
ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत.
"एलीया तरी दुसरं काय म्हणाला होता गं,
रतामाच्या झुडपाखाली?
देवानं त्याला उपदेश नाही केला.
निखाऱ्यावरची भाकरी दिली, पाणी दिलं,
निजू दिलं.
उठवून पुन्हा वाढलं.
मरण मागणाऱ्याला दोनदा जेवण!
तू तर एकदाही धड जेवत नाहीस."

भरीत खारट लागलं;
मीठ काकूंचं की माझं, कुणास ठाऊक.

काकू पप्पांजवळ बसल्या, चष्मा लावून.
मी चटईवर आडवी झाले
आणि दुपारची गाडी
कधी गेली, कळलंच नाही.