कोळंबी सोलणारा

मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून
आम्ही तिघी बघतो: सासूबाई, मी,
आणि खालच्या मजल्यावरच्या भदौरिया भाभी,
ज्या येताना स्वतःची सिगडी घेऊन येतात.
ग्वाल्हेरचा डिसेंबर. किल्ला तीन दिवस दिसलेला नाही.

चिनी नावं आईंच्या जिभेवर टिकत नाहीत.
त्यांनी सगळ्यांचं बारसं नव्यानं केलं आहे:
कपाळावर केसवाला. डॉक्टर. पिवळ्या स्वेटरची.
आणि केसवाल्याची आई, जिला आम्ही नुसतं "ती" म्हणतो,
दोन्ही भुवया वर करून.

वाद डॉक्टरवरून होतो.
दहा वर्षं प्रेम, आणि तोंडातून चकार शब्द नाही.
भाभी म्हणतात, "बेचारा."
मी म्हणते, हाच खरा, केसवाल्याकडे नुसत्या इमारती आहेत.
आई लसूण सोलता सोलता म्हणतात,
"न बोलणारा माणूस पडद्यावर शोभतो गं.
घरात आणून बघ.
भाजीत मीठ कमी पडलं
हेसुद्धा त्याच्या चमच्यावरून ओळखावं लागतं."

पलीकडच्या खोलीत नानांचा पेपर
पान न उलटता तसाच धरलेला.

चोविसाव्या भागात पाऊस. केसवाला छत्री अशी धरतो
की पिवळ्या स्वेटरची कोरडी, याचा डावा खांदा चिंब.
आम्ही छत्री बाजारात राहतो.
आमच्या छत्र्या दगडी, राजेलोकांच्या,
मेल्यानंतर डोक्यावर धरलेल्या.
"उशीरच होतो आपल्याकडे," आई म्हणाल्या,
आणि भाभी इतक्या हसल्या की सिगडीतली राख उडाली.

पंचविसाव्यात तो तिच्यासमोर जेवायला बसला
आणि काही न बोलता सोलू लागला.
"हे काय गं सोलून राहिलाय?"
"झींगा," भाभी म्हणाल्या.
एकेक. शेपटी काढून. तिच्या वाटीत.
स्वतः एकही न खाता.

आईंनी जन्मात कोळंबी खाल्लेली नाही.
नुसतं नाव काढलं तरी पदर नाकाला जातो.
तरी म्हणाल्या, "थांब. मागे घे जरा."
मी मागे घेतलं.
पुन्हा बघितलं. पुन्हा मागे घेतलं.
भाभी काहीतरी बोलायला गेल्या आणि बोलल्या नाहीत.
"असं कोणी सोलून दिलं," आई म्हणाल्या,
"तर मी झुरळसुद्धा खाईन."

दुसऱ्या दिवशी नाना बाड्यावरून
दोन किलो शिंगाडे घेऊन आले, हिरवे, काटेरी.
कालचा पेपर जमिनीवर पसरला.
एजी ऑफिसात छत्तीस वर्षं
दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढणारी बोटं
दुपारभर सोलून काळी पडली.
एक काटा अंगठ्यात गेला. त्याबद्दलही काही बोलले नाहीत.
पाच वाजता वाटी डाळीच्या डब्याशेजारी ठेवून
परत गेले,
जशी काही ती आधीपासून तिथेच होती.

सव्विसावा भाग चालू होता. डॉक्टर विमानतळावर,
आता तरी बोलेल असं वाटत होतं.
आईंनी एक शिंगाडा उचलून उजेडात धरला.
"साल राहिलीय,"
जरा मोठ्यानं, भिंतीपलीकडे जाईल एवढ्यानं.
आणि खाल्ला. मग आणखी एक.
भाभींनी हात पुढे केला,
तेव्हा वाटी थोडी आपल्याकडे सरकवली.
डॉक्टर काय बोलला ते कोणीच ऐकलं नाही.

रात्री पुण्याहून श्रीरंगचा फोन.
"जेवलीस?" तो रोज एवढंच विचारतो.
त्या मालिकेतही सगळे सगळ्यांना हेच विचारतात,
भांडून झाल्यावर, दार उघडताना, दवाखान्यात.
आम्ही हसायचो, या लोकांना दुसरा विषय नाही.

जेवले, मी म्हटलं.
मग विचारलं, कोळंबी सोलता येते का रे तुला?

पलीकडे बराच वेळ काही नाही.
नेटवर्क असेल.