सरकतं घर

बोरा बाजारात, जिन्याखालच्या माझ्या टेबलावर
धैर्यवानबाईंनी रुमालाची गाठ सोडली.
काडेपेटीइतकाच जाड, तिच्या दुप्पट लांब
ॲल्युमिनियमचा कॅमेरा. कोपरे बोटांनी झिजलेले.
"बाबांचा. उघडत नाही. आत रोल आहे वाटतं."

वरच्या पत्र्याला आम्ही घर म्हणतो,
चष्म्याचं असतं तसं.
फक्त हे घर स्वतःच कामाला जुंपलेलं.
दोन टोकं धरून ओढलं
की आतलं धड बोटभर बाहेर येतं,
भिंग उघडं पडतं,
मागची पट्टी फिल्मला सपाट दाबून धरते.
परत लोटलं की पट्टी सैल,
खिटी एक दात पुढे,
फिल्म एक घर पुढे,
पडद्याची स्प्रिंग ताणून तयार.
फिरवायला चावी नाही, दांडी नाही.
ज्याने हे आखलं, त्याच्या
मिटण्याचीसुद्धा हालचाल फुकट घालवणं
जिवावर आलं असणार.

अडकलं होतं काय, तर तंबाखू.
सरकत्या खाचेत, दगड झालेली.
घड्याळजीच्या सुईने उकरली, पेट्रोलचा एक थेंब,
मग काळ्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून
चाचपत चाचपत रोल काढला.
आकडा पन्नासवर. म्हणजे पुरा झालेला.

धुतल्यावर निघाले सहा.
गोदीतली क्रेन. तीच क्रेन, तिरकी.
कुणाचा तरी अंगठा.
फ्रॉकातल्या बाई, डोळे मिटलेले,
पुन्हा बाई, पुन्हा मिटलेले.
एक रिकामी खुर्ची.
बाकी चव्वेचाळीस घरं कोरी.

"खराब झाले का हो?"
म्हटलं, नाही, काढलेच नाहीत.
या जातीची खोड आहे ती.
फोटो काढा न काढा,
उघडून मिटलं की फिल्म सरकली.
खिटीला काय, हात हलला की पुरे.
पुढच्या मॉडेलात सुधारलं म्हणतात.

बाई बराच वेळ पट्टी उजेडाला धरून उभ्या.
"टॅलीक्लार्क होते. दिवसभर गासड्या मोजायच्या,
एक चुकायची नाही.
गोदीच्या संपात मात्र रात्र रात्र गॅलरीत बसायचे.
खट्‌ खट्‌. खट्‌ खट्‌.
आई म्हणायची, सुपारी कातरतायत, झोपा."

कोरी पट्टीही मागितली त्यांनी. कापू नका म्हणाल्या.
पावती केली: सफाई, एक स्प्रिंग, धुलाई.
चव्वेचाळीसचे पैसे कसे लावायचे कळेना,
तो रकाना तसाच सोडला.

आठवडाभर कॅमेरा माझ्याकडेच होता.
रोलाशिवाय, ड्रॉवरच्या कडेला,
जिथे इमारत रिकामी करायची नोटीस ठेवली आहे.
बाईंच्या हाती देण्याआधी
आकडा शून्यावर आणायला गेलो,
तर काटा सतरावर.
मी नव्हता फिरवला.
म्हणजे, फिरवला असणार.