मागची आवृत्ती

रात्री अपडेटला मी नको म्हटलं होतं.
त्यानं ऐकलं नाही.
सकाळी कुताइसीतलं अख्खं लग्न हिरवं:
नवरी हिरवी, वाइन हिरवी,
पाद्रीबाबाच्या दाढीचं तर शेवाळ झालेलं.

कॅश पुसली. प्रोजेक्टची नक्कल उघडून पाहिली.
शेवटी ग्राफिक्स कार्डाला म्हटलं, बस बाजूला,
आणि सगळा भार टाकला बिचाऱ्या प्रोसेसरवर.

रंग आले, पण चाल गोगलगायीची.
पंखा घरघरतोय, खिडकीखाली रिओनी वाहतेय,
आणि नाच एकेका फ्रेमनं
पाय उचलतो, विचार करतो, ठेवतो.

तेव्हा दिसलं.
टोस्ट ऐन भरात, सगळ्यांचे पेले वर,
आणि नवरीचा बाप, गुराम,
टेबलावरचा पावाचा तुकडा
हळूच कोटाच्या खिशात सरकवतोय.
कुणासाठी, देव जाणे.

दुपारी मझिया फोनवर म्हणाली, अगं, जुना ड्रायव्हर टाक.
टाकला. लग्न धावायला लागलं,
पातं लवतं न लवतं तोच पाव गडप.

कट मी अकरा फ्रेम पुढे ढकलला.
लेकीला दिसेल. किंवा नाही दिसणार.

कोपऱ्यातली चौकट पुन्हा विचारतेय:
आत्ता, की नंतर?
नंतर.