सरावसंच, रायबंदर–चोडण

एक फेरी, एक गणित.
असं ठरलं होतं एस्पेरांसा टीचरशी.
पलीकडे जायला सात मिनिटं, गाड्या लागायला पाच,
म्हणजे बारा मिनिटांत एक समीकरण,
तेही दोर सांभाळून.
माझं दहावीचं गणित राहिलंय.
ते सुटल्याशिवाय सुकाणू हातात देत नाहीत.

पुस्तक सावंतवाडीच्या मामेभावाचं.
मागची उत्तरांची पानं कुणीतरी फाडलेली,
त्यांत बहुतेक शेंगदाणे गेले.
"बरंच झालं," टीचर म्हणाल्या,
"आता ताळा केल्याशिवाय सुटका नाही."

पहिलंच उदाहरण बोटीचं:
प्रवाहाच्या दिशेने अठ्ठेचाळीस किलोमीटर, चार तास,
उलट यायला सहा,
तर संथ पाण्यात बोटीचा वेग काढा.

संथ पाणी!
चौदा वर्षं खलाशी आहे,
मांडवीला मी संथ पाहिलेलं नाही.
भरतीला ती जुन्या गोव्याकडे चढते,
सुकतीला समुद्राकडे धावते.
पुस्तकातली नदी एकाच बाजूला वाहते
आणि दमत नाही.

"समजा," टीचर म्हणाल्या.
समजा क्ष. समजा य. समजा पाणी संथ आहे.
आमच्या घरी कुणी समजा म्हणत नाही.
असतं, नाहीतर नसतं.
ते उदाहरण मी रागानं सोडून दिलं.

पुढची दहा चुकली ती एकाच जागी.
बरोबरच्या चिन्हापलीकडे संख्या नेली,
चिन्ह बदललं नाही.
त्यांची तांबडी पेन्सिल तिथंच थांबायची.
बोलायच्या नाहीत, रॅम्पकडे बोट दाखवायच्या:
सकाळी भरली पाटी घेऊन उतरलेली रोझालिन
रिकामी पाटी काखेत मारून परत चढत असायची.

अकरावं सुटलं. बारावंही.
तेरावं पुन्हा चुकलं;
जीप रॅम्पवर अडकली होती, हे कारण चाललं नाही.
"सगळी सारखीच तर आहेत," मी वैतागलो,
"आकडे तेवढे वेगळे."
त्यांनी चष्मा पुसला.
"आणि तुझ्या फेऱ्या रे, रोहिदास?"

डिसेंबरात त्या गुडघ्यासाठी मुलीकडे मडगावला गेल्या.
जाताना चाळीस उदाहरणांवर खुणा करून गेल्या.
मी ती रात्रपाळीला सोडवतो,
मांडीवर वही, पायाखाली इंजिनाची थरथर,
त्यामुळे माझा आठ नेहमी तीनसारखा येतो.

काल चाळीस संपली. मग
ते पहिलं उरलं.
बोटीचा वेग दहा आला, प्रवाहाचा दोन.
दहा अधिक दोन, चार तास: अठ्ठेचाळीस.
दहा वजा दोन, सहा तास: अठ्ठेचाळीस.
दाखवायला कुणी नव्हतं.
एक स्कूटरवाला हँडलवर डोकं ठेवून झोपला होता.

कठड्यावरून खाली वाकलो.
दिव्याच्या उजेडात खारफुटीचं एक पान
ना इकडे जात होतं, ना तिकडे.
भरती संपलेली, सुकती लागायची होती.
चौदा वर्षं ही घडी रोज येत असणार
आणि मी दोर गुंडाळत असणार.

मग रॅम्प आपटला.
स्कूटरवाला दचकून उठला, विचारलं,
"आलं का चोडण?"